ह्रस्वदीर्घाची कैफियत

आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर संध्याकाळी जी मंडळी जमतात, त्यांत मराठी लेखनाच्या शुद्धाशुद्धतेचा एक दावा कित्येक वर्षे चालू असून, तारखांमागून तारखा पडल्या तरी त्याचा निकाल लागण्याचे चिन्ह दिसत नाही. या दाव्यातील एक पक्षकार तात्या. उमेदीची सारी वर्षे त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात घालविली. शाळेत ते 'नांव', 'कां', 'केलें', 'करणें' असे लिहावयास शिकले. पण शाळा सोडून ते छापखान्याची पायरी चढतात न चढतात तोच, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम राज्यशासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेल्या त्या सर्व ठिपक्यांना एका फटक्यात रजा मिळाली. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून त्यांची संख्या अठरा झाली, आणि हे अठराही नियम तात्यांना पोटनियमांसह मुखोद्गत आहेत. दुसरे पक्षकार बापूसाहेब हे दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. वडिलांकडून मोडी शिकलेले, आणि या अठरा नियमांपैकी निम्मे तरी मराठी माणसाच्या जिभेला न विचारता मंजूर झाले आहेत, असे ठाम मत बाळगणारे.

पुढील संवाद मी जसा ऐकला तसा उतरून काढला आहे. बापूसाहेबांच्या तोंडी 'केलं', 'म्हटलं' अशी बोलण्यातील रूपे आढळतील. संवादात ती तशी लिहिण्यास नियमांचीच मुभा आहे. तात्या मात्र बोलतानाही 'केले' आणि 'म्हटले' असेच बोलतात, त्यास माझा इलाज नाही. निमित्त झाले ते वाचनालयाच्या फळ्यावरील एका सूचनेचे. तीत 'विद्यार्थीनींसाठी' असा शब्द होता आणि तात्यांनी खिशातून खडू काढून तो दुरुस्त केला. (तात्यांच्या खिशात खडू असतो.)

बापूसाहेब : तात्या, ही सूचना सोमवारपासून इथं आहे. ती गावातल्या यच्चयावत मुलींना कळली, त्या ठरल्या वेळी आल्या आणि पुस्तकं घेऊन गेल्या. म्हणजे दस्तऐवज ज्या कारणासाठी लिहिला ते कारण पार पडलं. मग 'थी'ची दुसरी वेलांटी पुसून पहिली काढल्यानं आपण कोणाची नुकसानभरपाई केलीत?

तात्या : भविष्यातील वाचकाची. जो समोर बसला आहे त्याला खुणेनेही कळते, बापूसाहेब. पण लेखन हे मुख्यतः अशा मनुष्यासाठी असते, की जो आपल्यासमोर नाही, ज्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नाही, आणि कदाचित जो अद्यापि जन्मासही आलेला नाही. अमुक शब्द अमुक रीतीने लिहू, असा त्याच्याशी आपला करार असावा लागतो. प्रत्येकाने आपापल्या कानाच्या मर्जीप्रमाणे लिहावयाचे ठरविले, तर कोशात शब्द शोधावयाचा तो कोणत्या वेलांटीखाली, येथूनच पंचाईत सुरू होईल.

बापूसाहेब : करार म्हणालात ते बरं झालं, कराराला दोन्ही पक्षांची संमती लागते. आमच्या घरी पणजोबांच्या नावचं एक मोडी खरेदीखत आहे. लिहिणाऱ्यानं आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आहे, मग बोरू फार न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवली आहेत. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्ह औषधालाही नाही, आणि ह्रस्वदीर्घाचा भेद तर मोडी मानतच नाही. तिथं एकाच वेलांटीवर आणि एकाच उकारावर सगळा कारभार. अशाच लिपीत पेशव्यांचं दफ्तर लिहिलं गेलं, सनदा दिल्या गेल्या, चौथाईचे हिशेब झाले, आणि 'दिन' ह्रस्व की दीर्घ एवढ्यासाठी एकही मोहीम अडून राहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ही ह्रस्वदीर्घाची जाच-पडताळ मागाहून, बाळबोध छापखाने आणि शाळाखातं यांच्याबरोबर आली.

तात्या : मोडी वाचणारा कारकून त्या विषयातला मुरलेला असे, चतुःसीमा, बिघे आणि साक्षीदार हे क्रमाने येणार, हे त्याला वाचण्यापूर्वीच ठाऊक असे. ज्याला विषयच नवा आहे, त्याला 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, हे वेगळे करून कोण दाखविणार? 'शिर तुटले' आणि 'शीर तुटली' यांत माणसाच्या जीविताचा फरक आहे, महाराज!

बापूसाहेब : आहे ना, आणि तो फरक 'तुटले' आणि 'तुटली' या क्रियापदांनीच सांगून टाकला आहे. वेलांटी तिथं उगाच दुय्यम साक्षीदार म्हणून उभी आहे.

हा डाव बापूसाहेबांनी जिंकला, असे मला वाटले. पण तात्या मुद्रितशोधक असल्यामुळे एक चूक निसटली तरी पुढची ओळ ते सोडीत नाहीत. त्यांनी आपला सर्वांत बळकट मुद्दा येथे पुढे केला, आणि तो शाळांतून जसा सांगितला जावयास हवा तसा क्वचितच सांगितला जात असल्यामुळे मी तो विस्ताराने देतो.

तात्या : आपण समजता तसे हे नियम कोणी आसनावर बसून सोडलेले हुकूम नव्हेत, त्यांतील बरेचसे मराठी माणसाच्या तोंडातून घेतलेले आहेत. आपण 'फूल' म्हणता तेव्हा शेवटचा 'ल' अर्धवटच उच्चारला जातो आणि त्याचा भार मागल्या उकारावर पडून तो लांबतो. तेच 'फुलाला' म्हणताना भार पुढे सरकतो आणि उकार आखडतो. 'वकील' पण 'वकिलाला', 'बहीण' पण 'बहिणीला', 'गरीब' पण 'गरिबाला'. कोणत्याही अडाणी म्हातारीला हे शब्द म्हणावयास सांगा, ती अचूक म्हणेल, कारण नियम तिच्या जिभेवरच आहे. शब्दाच्या अखेरचा इकार-उकार आपण सारे लांबवितो, म्हणून 'कवी' आणि 'गुरू' हे मूळचे ह्रस्व असूनही मराठीत दीर्घ लिहावयाचे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. या मंडळींनी भाषेला वळण लावले, ते आधी भाषेचे वळण काय आहे हे ऐकून घेतल्यावर.

बापूसाहेब : तुमच्या म्हातारीच्या जिभेचा नियम मला शिरसावंद्य आहे. पण मग तिलाच 'मंदिर' म्हणायला सांगा. 'गरीब' आणि 'मंदिर' यांतला मधला इकार ती सारखाच लांबवील. आणि तुमचा नियम मात्र सांगतो, की 'गरीब' अरबी घराण्यातला म्हणून त्याला दुसरी वेलांटी, आणि 'मंदिर' संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून त्याला पहिली. तसाच तो 'गुण', तसंच ते 'विष'. म्हणजे साधं पत्र लिहायला बसलेल्या माणसानं प्रत्येक शब्दाच्या कुळाचा दाखला आधी काढावा आणि मगच लेखणी टेकवावी! 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ह्रस्व. 'विद्यार्थी' दीर्घ, पण 'विद्यार्थिमंडळ' ह्रस्व. दुकानाची पाटी रंगवणाऱ्या रंगाऱ्याला समास सोडवता आला पाहिजे, अशी अट जगातल्या दुसऱ्या कोणत्या धंद्यात तुम्ही ऐकली आहे?

तात्या : (थोडे थांबून) तत्सम शब्दांना दिलेली ही सवलत जड आहे, हे मी नाकारीत नाही. पण ती काढून टाकली, तर 'मंदीर', 'गूण' आणि 'वीष' हे डोळ्यांना सोसवणार आहेत काय?

बापूसाहेब : तुमच्या डोळ्यांना १९६२ साली 'नाव' सोसवलं होतं काय?

तात्या हसले. या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काशिनाथ नारायण साने, हातवळणे आणि गोडबोले या त्रयीने अनुच्चारित अनुस्वार गाळावेत व लेखन उच्चाराच्या जवळ आणावे अशी सूचना केली, तेव्हा टिळकांसारख्या पुरुषाने राजकारणाच्या धकाधकीतून वेळ काढून 'केसरी'तून तिला विरोध केला होता. कारण तो ठिपका म्हणजे शब्दाच्या पूर्वजांची खूण, आणि ती पुसणे म्हणजे वंशावळ पुसणे, अशी त्या पक्षाची धारणा होती. पुढे साठ वर्षांनी ती खूण पुसली गेली आणि आज पन्नाशीच्या आतील कोणाही वाचकास आपण काही गमावले आहे याची दादही नाही. जुने ग्रंथ छापताना मात्र नियमकर्त्यांनी विवेक राखला: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपर्यंतचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यापुढील लेखन नव्या नियमांप्रमाणे, अशी सीमा त्यांनी आखून दिली. ही सीमा नेमकी तेथेच का, असे विचारणारे पुष्कळ आहेत. मला ती एकंदरीत शहाणपणाची वाटते.

तात्या : ठिपके गेले ते गेले, पण उरलेल्या ठिपक्यांवर माणसांची अब्रू आहे, हे विसरू नका. जुन्या पद्धतीत 'घरांत' म्हणजे एका घरात की पुष्कळ घरांत, हे कळण्यास मार्ग नव्हता, कारण ठिपका दोहोंकडे असे. नव्या नियमांनी एकवचनातला काढून अनेकवचनातला ठेवला आणि भेद स्वच्छ झाला. आता आपण वडील माणसास अनेकवचनाने संबोधितो. तेव्हा आदरही त्याच ठिपक्यात आला. एका समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत 'अध्यक्षाच्या शुभहस्ते' असे छापून जाणार होते. जुळाऱ्याचा दोष नव्हता. त्याने खिळा बरोबर लावला होता, पण शिरोरेषेवरचा ठिपका झिजून उडाला होता. शेवटचे प्रूफ माझ्या हाती आले म्हणून अध्यक्ष अनेकवचनात राहिले.

बापूसाहेब : हा नियम मी विनातक्रार पाळतो. माझी फिर्याद नियमांविरुद्ध नाहीच मुळी. 'शुद्ध' या बिरुदाविरुद्ध आहे. महामंडळानं स्वतः त्यांना 'लेखनविषयक नियम' म्हटलं आहे, आणि आपण लोकांनी त्यांचं 'शुद्धलेखन' कायम ठेवलं, म्हणजे न पाळणारा आपोआप अशुद्ध. लिहिण्यातलं सोवळं मग बोलण्यात शिरतं. आमच्या वर्गात एका मुलाला 'पानी' म्हणाला म्हणून बाकावर उभं केलं होतं. न आणि ण यांवरून माणसाचा जिल्हा आणि जात हुडकण्याची आपली खोड काय सांगावी! वास्तविक संस्कृतात तो शब्द 'पानीय', न चाच. महाराष्ट्री प्राकृतानं सरसकट न चा ण केला, 'नगर'चंसुद्धा 'णअर' करून टाकलं. पुढं मराठीनं शब्दाच्या आरंभीचा न परत आणला आणि मधला ण तसाच नांदू दिला. म्हणजे बाकावर उभा राहिलेला मुलगा पाणिनीच्या पक्षाचा, आणि छडी प्राकृताच्या हातात!

तात्या : ती छडी माझी नव्हे. अठरा नियमांतील एकही नियम कोणी कसे बोलावे याविषयी नाही. हिणविणाऱ्याने आपल्या उद्धटपणाला व्याकरणाची ढाल केली, तर तो त्याचा अपराध. कोकणात, खानदेशात, वऱ्हाडात कोणी कसेही बोलो, छापलेले पुस्तक सर्वांना एकच वाचता यावे, एवढीच माझी मागणी आहे. मात्र भेद बुजविणाऱ्या बोलण्याचे मी कौतुकही करणार नाही. माणसे भेटतात आणि वस्तू मिळतात. 'मला पुस्तक भेटले' असे म्हणणाऱ्याने भाषेतील एक उपयुक्त भेद गमावला.

बापूसाहेब : माझे व्याही यवतमाळचे. त्यांच्याकडे जेवणही भेटतं, नोकरीही भेटते आणि पाहुणाही भेटतो, आणि आजवर जेवण आणि पाहुणा यांत कोणाची गफलत झालेली नाही.

येथपर्यंत वाद वेलांट्यांचा आणि ठिपक्यांचा होता. त्यानंतर बापूसाहेबांनी सहज, 'काल नगरपालिकेच्या सभेत मोठा राडा झाला' असे उद्गार काढले आणि तात्यांची मुद्रा पालटली.

तात्या : 'राडा' हा शब्द नव्हे. 'भंकस', 'लोचा', 'झोल', 'कल्टी' हेही नव्हेत. हे चार टवाळांनी नाक्यावर पाडलेले नाणे. आज खणखणते आणि दहा वर्षांत बाजारातून नाहीसे होते. अशा शब्दांना कोशात जागा देणे म्हणजे धर्मशाळेतील उतारूंची नावे सात-बाराच्या उताऱ्यावर चढविणे होय.

बापूसाहेब : राडा म्हणजे चिखल, तात्या. गुरांच्या गोठ्यापुढं पावसात जे होतं त्याला आमच्या भागातला कुणबी बापजाद्यांपासून राडाच म्हणतो. मुंबईकरांनी फार तर तो चिखल भांडणाला लावला; आणि आता वर्तमानपत्रांचे मथळे त्याशिवाय निघत नाहीत. भाऊ पाध्यांनी तर त्या नावाची कादंबरी लिहिली. त्यांची 'वासूनाका' १९६५ साली आली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिच्यावर आग पाखडली. अत्रे थोर, पण कादंबरी अजून वाचली जाते. १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यातले कित्येक शब्द आपल्याला ठाऊक नाहीत, असं प्रस्तावनेत कबूल करण्यात तेंडुलकरांना कमीपणा वाटला नाही. तेंडुलकरांना जे शब्द माहीत नव्हते, ते शब्द नव्हते असं म्हणायचं काय?

तात्या : साहित्यिकाने पात्राच्या तोंडी काय घालावे याला माझी हरकत नाही. पण अग्रलेखात, पाठ्यपुस्तकात, न्यायालयाच्या निकालपत्रात?

बापूसाहेब : निकालपत्राचंच घ्या. तिथले 'दावा', 'फिर्याद', 'वकील', 'जामीन', 'तारीख' हे सगळे एके काळी यावनी म्हणून त्याज्य ठरवले गेले होते. शिवछत्रपतींच्या काळात त्यांना पर्याय देण्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला. आमच्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचं निशाण उभारलं, आणि स्वतः 'फार्शी-मराठी कोश' करणाऱ्या माधव जूलियनांनीसुद्धा पुढं तोच पक्ष घेतला. त्यातून 'दिनांक' आला, 'महापौर' आला, ते चांगले आहेत आणि रुळलेही. पण कोर्टात अजून तारीखच पडते, दिनांक पडत नाही. कोणता शब्द राहणार आणि कोणता जाणार, हे पक्षकार ठरवतात; शिरस्तेदार फक्त नोंद करतो.

तात्या : नोंद करा, पण ती करताना शेजारी शेरा मारा, एवढे तरी मान्य कराल? मोल्सवर्थने १८३१ साली कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा छापला, तेव्हा कोकणातील, कुणब्यांतील, बायकांच्या बोलण्यातील आणि शिवराळसुद्धा शब्द त्याने टाकून दिले नाहीत. परंतु हलका शब्द हलका आहे, ग्राम्य शब्द ग्राम्य आहे, हे तेथल्या तेथे सांगितले. परदेशी मनुष्याने केलेल्या त्या कोशाइतका प्रामाणिकपणा आपणही दाखवावा. 'राडा' लिहा, पुढे त्याचे दोन्ही अर्थ द्या, तो कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही ते सांगा. मग माझी तक्रार नाही.

बापूसाहेब : म्हणजे तो शब्द आहे.

तात्या : शब्द आहे. अग्रलेखात मात्र नको.

हे वाक्य तात्यांनी किती सहज उच्चारले, याचे मला नवल वाटले. पण पुढे ध्यानात आले, की ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर अक्षर न् अक्षर वाचले, त्याला शब्दांचा तिटकारा असणे शक्यच नव्हते. त्यांना चीड येते ती बेफिकिरीची: 'महत्त्व' एका 'त'चे लिहिणाऱ्याची, 'उज्ज्वल'मधला एक 'ज' खाणाऱ्याची, 'पारंपरिक'ला फुकटचा काना देऊन 'पारंपारिक' करणाऱ्याची, आणि मंथनातून निघालेल्या 'मथितार्था'ला 'मतितार्थ' करून वर विद्वत्तेचा आव आणणाऱ्याची. बापूसाहेबांचा रोख निराळ्या दिशेस आहे. ज्याला शाळा मिळाली नाही, ज्याच्या घरी संस्कृताचा वारा नाही, त्याने अर्ज लिहिला की त्यातील व्यथा बाजूस राहून वेलांट्याच मोजल्या जातात, हे त्यांनी कचेरीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. दोघांचाही राग खरा आहे, आणि तो एकमेकांवर नाही.

माझे मत विचाराल, तर छापील मजकुरापुरता मी तात्यांच्या बाजूने कौल देईन आणि अठराही नियम, जड वाटले तरी, बदलेपर्यंत पाळीन. परंतु ते बदलण्याचा विचार पुढे येईल त्या दिवशी तत्सम शब्दांच्या सवलतीविरुद्ध बापूसाहेबांच्या अर्जावर माझीही सही असेल. बोलण्याच्या बाबतीत तात्यांचा अधिकारच चालत नाही, आणि तसा तो त्यांनी सांगितलेलाही नाही. राहता राहिला कोशाचा प्रश्न. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० साली. त्यानंतरच्या मराठीतील गिरण्यांचे, गॅरेजांचे, वाळूच्या उपशाचे, ऊसतोडीच्या टोळ्यांचे आणि कॉलेजच्या कट्ट्यांचे किती शब्द अद्यापि कागदावर उतरावयाचे आहेत! वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणा वडीलधाऱ्याने आपल्या गावचे वा धंद्याचे शब्द टिपून ठेवलेली एखादी वही असेल, त्यांनी ती कृपा करून रद्दीत घालू नये. आणि ज्यांच्या घरी अशी वही नसेल, त्यांनी ती आजच सुरू करावी. ह्रस्वदीर्घ चुकले तरी चालेल, मागाहून तात्या तपासून देतील.